वरच्या दोन ओळी

सेबॅस्टियन गेल्याची बातमी मला जाहिरात विभागातून कळली. पान लावताना श्रद्धांजलीची एक चौकट हाती आली आणि तिच्यात त्याचा फोटो होता. ‘आमचे सहकारी, आमच्या डेटाबेस प्रणालीचे एक शिल्पकार.’ खाली अंधेरीतल्या एका कंपनीचं नाव. जाहिरातीचा मजकूर वृत्तपत्र तपासत नाही. म्हणून आता काही आठवड्यांनी तो इथे तपासतो आहे. सेबॅस्टियन त्यांचा सहकारी कधीच नव्हता आणि ती प्रणाली त्यांची नव्हती.

तो वसईजवळच्या होळी गावचा. घरी आणि गावात तो बस्त्याव. दिवसा मुंबईत नोकरी करून, उरलेल्या वेळात वाडीतल्या घरी बसून त्याने एक सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली होती. कुठल्याही प्रोग्रॅमला कुठल्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावं, अशी मधली यंत्रणा. ती त्याने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली. घ्या, बदला, विका. अट एकच, प्रत्येक फाइलच्या डोक्यावरच्या दोन ओळी, म्हणजे त्याचं नाव, पुसायच्या नाहीत. त्या अंधेरीच्या कंपनीच्या साहेबांनी लायब्ररी घेतली, त्या दोन ओळी पुसल्या आणि आपली म्हणून विकायला काढली.

तिच्यात एक दोष होता. प्रत्येक प्रोग्रॅम डेटाबेसशी स्वतःची जोडणी उघडायचा आणि बंद करायला विसरायचा. गर्दी झाली की सगळं गुदमरायचं. बस्त्यावने संपूर्ण रचना नव्याने करायला घेतली, तेव्हा साहेब मिठाईचा बॉक्स घेऊन वाडीत आले. मी त्याचा मित्र, तिथेच बसलो होतो. नवी रचना लवकर द्या, गिऱ्हाइकं कुरकुरतायत, असं त्यांचं म्हणणं. बस्त्यावने नाव परत लावायला सांगितलं.

“वरच्या दोन ओळी कोण वाचतं, सेबॅस्टियन?”

“कोन वाचत नाय ना? मग ऱ्हाऊ द्या की.”

साहेब हसले, चहा प्यायले, केळीच्या बागेचं कौतुक करून गेले.

नव्या रचनेत जोडण्या मोजक्याच होत्या. आपली पाळी आली की घ्यायची, काम झालं की परत द्यायची. ही शिस्त वाडीतलीच. त्यांच्या बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पाणी पाटाने एका वाफ्याला जायचं, मग दुसऱ्याला... उन्हाळ्यात तळ दिसू लागला की त्याची आई काठावरून सगळ्यांना थांबवायची. जोडण्या संपल्या की पडद्यावर उमटणारं वाक्य बस्त्यावने तिचंच घेतलं, आपलं नाव जोडून, रोमन अक्षरांत: ‘बस्त्यावच्या बावखलात पानी नाय. थांबा.’ मात्र ते तुकडे करून निरनिराळ्या फाइलींत विखरून ठेवलं. कशाला, असं मी विचारलं.

“साहेब डोकं छाटतील,” तो म्हणाला. “पोट कोन उघडून बघतंय?”

तसंच झालं. नवी आवृत्तीही त्यांनी नाव पुसून नेली आणि पत्रकारांना बोलावून थाटात दाखवली. एकाच वेळी बरीच यंत्रं सुरू केली आणि मोठ्या पडद्यावर ते वाक्य आलं. पुढच्या रांगेतल्या पाहुण्याने विचारलं, हा बस्त्याव कोण? तो प्रश्न मी बातमीत जसाच्या तसा छापला.

मग साहेबांचा फोन आला. ती ओळ काढ. बस्त्यावने आवाज चढवला नाही. “तुमी वरच्या दोन लावा, मी खालची एक काढतो.”

त्या दोन ओळी त्यांनी लावल्या नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला तोवर लावल्या नव्हत्या... आजही नाहीत. त्याचं नाव त्यांनी पहिल्यांदा छापलं ते श्रद्धांजलीत, जाहिरातीच्या दराने.

गेल्या आठवड्यात वसईतल्या एका पतपेढीत रांगेत होतो. संगणक अडला. खिडकीतल्या बाई वैतागून म्हणाल्या, “आलं परत बस्त्यावचं पानी. थांबा जरा, काका.” कोण हा बस्त्याव, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, सावकाश, रांगेला ऐकू जाईल असं.

त्या वाक्याचे तुकडे कोणकोणत्या फाइलींत आहेत, ते त्याने मला दाखवलं होतं. इथे छापत नाही.