अण्णांचा हौद

कुठल्याही जुन्या इमारतीत शिरलं, की अण्णा देवधर आधी विचारायचे, "इथं पाणी कुठं होतं?" जर्मनीत, डार्मश्टाटच्या आमच्या खोलीत राहायला आले तेव्हाही त्यांनी तेच विचारलं, आणि मी बापडा नळ दाखवायला गेलो. साताऱ्याचा माणूस, गड चढत वाढलेला. "पाण्यावाचून किल्ला नाही रे. वाडे-बिडे सगळं मागाहून," म्हणायचे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी यंत्रं शिकत होतो, अण्णा वास्तुकलेत डॉक्टरेट करत होते. विषय होता इटलीतला एक किल्ला. लढाया संपल्यावर मालकानं त्याचे बुरूज उतरवले, खिडक्या रुंद केल्या, तटाखाली लिंबांच्या कुंड्या मांडल्या आणि किल्ल्याचा व्हिला झाला. तिथल्या बागेवर अण्णांच्या प्राध्यापकांचं गाजलेलं पुस्तक होतं. बाग, कारंजं, हौद, सगळं व्हिलाच्या वेळी नव्यानं आखलेलं, असं त्यात म्हटलं होतं. अण्णा तिथं जाऊन राहिले, कारंज्याच्या हौदात उतरले आणि पाहतात तो तटाचा पाया हौदाला सांभाळून वळलेला. म्हणजे हौद तटाच्याही आधीचा, वेढ्यात शिबंदीला पाणी पुरावं म्हणून खोदलेला. बाग त्याच्याभोवती नंतर बसवलेली.

प्रबंधातलं हौदाचं प्रकरण गाळा, असं प्राध्यापकांनी शांतपणे सुचवलं. मीही हात जोडले. पुण्याच्या कॉलेजातली जागा या पदवीवर अडून होती, शिष्यवृत्ती संपत आली होती आणि अण्णा इकडे आल्यावर जन्मलेली मुलगी त्यांनी फोटोतच पाहिली होती. ते नुसतं "बघू" म्हणाले. त्या आठवड्यात त्यांना जेवण जाईना.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होतो. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तर मग, देवधर. माझं पुस्तक चुकलं आहे?"

अण्णांनी रुमालानं तळहात पुसले. नाही म्हणा, एकदा नाही म्हणा, असं मी मनात घोकत होतो.

"हो, प्रोफेसर. हौदापुरतं."

तिथं उत्खनन करा, पुरावा आणा, मग परीक्षा घेऊ, असा निकाल लागला. तेवढे दिवस अण्णांकडे नव्हतेच. फ्रांकफुर्टच्या फलाटावर माझा संताप उफाळून आला. वहिनींना काय सांगणार, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं.

"नापास झालो म्हणेन," अण्णा म्हणाले. मग डब्याच्या दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, "पोर येईल ना रे माझ्याकडे?"