आजार नाही, तरी चार गोळ्या

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझे सासरे, आण्णा, एकदम धडधाकट. मेडिकल कॉलेजवाल्यांनी निरोगी माणसांच्या आतड्यातले जंतू तपासायला आमच्या बेंबळी गावातून शौचाचे नमुने नेले होते. त्यात आण्णांचाही होता. आज डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बोलवून समजावून सांगितलं, "आण्णा, तुमच्या पोटातले काही जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. तुम्हाला त्रास नाही, त्यामुळं औषध नको. हात साबणानं धुवा आणि मनानं गोळ्या खाऊ नका."

येताना आण्णा थेट मेडिकलात शिरले. "पोटात लई दमदार जंतू निघालेत म्हणं. कायतरी भारी द्या."

दुकानदारानं काय होतंय हेसुद्धा विचारलं नाही. कात्री घेतली, स्ट्रिपमधून चार गोळ्या कापल्या. "सकाळ-संध्याकाळ घ्या, साफ होतंय."

मी म्हणलं, "अहो, असल्या गोळ्या खाऊनच तर हे जंतू माजलेत! चिठ्ठी तरी मागा!"

तर हसून म्हणतो, "वहिनी, सगळा गाव असाच नेतो."

व्हय, नेतो की! सर्दीला दोन, जुलाबाला दोन, उरलेल्या शेजारणीला.

गोळ्या तिथंच टाकून आण्णांना घरी आणलं. आल्या आल्या त्यांनी माझ्या तान्ह्या लेकीला उचललं, तिनं त्यांचं बोट तोंडात घातलं. मी ओरडलेच, "आण्णा, आधी हात!"

उद्या हिला खरंच औषध लागलं आणि ते चाललंच नाही, तर मी जाब कुणाला विचारू? त्या कात्रीवाल्याला, का सगळ्या गावाला?