उद्या पेंटर

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘उद्या पेंटर’ म्हणत. पाटी कधी मिळेल विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं! पण कामचुकार म्हणाल तर नाही. आधी तो कोऱ्या पत्र्यासमोर स्टूल टाकून बसायचा आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरवत राहायचा. अक्षर, वळण, सगळं आधी तिथं. मग ब्रश उचलला, की पुन्हा हात फिरवणं नाही. त्याच्या सगळ्या पॅंटी त्या एकाच जागी झिजलेल्या असत.

अशा माणसाच्या बोटाला दोन महिने चैन नव्हतं.

त्याच्या ताईला काचबिंदू झाला होता. नजर कडेकडून मिटत चालली होती, डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती. तेव्हा ती म्हणाली, “आईचा चेहरा काढून दे. दिसतंय तोवर एकदा बघू दे.”

आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, ताई दहाची. घरात एकही फोटो नव्हता. ताईला आईचा आवाज आठवायचा, चेहरा मात्र हातातून निसटायचा. आणि हा पठ्ठ्या जन्मभर छाती ठोकून सांगत आलेला, “मला आई लख्ख दिसते!” आता घ्या!

दिसायची हे खरं, पण पाठमोरी. मान, मानेवरची लव, उजव्या कानामागची चामखीळ. ती वळली की काढू, म्हणून तो थांबला. आई काही वळेना. जेवताना त्याचं बोट ताटाच्या कडेनं फिरे, ब्रश धुताना पाण्यात फिरे. एका बेकरीच्या पाटीवर तर त्यानं अक्षर चुकवलं, आयुष्यात पहिल्यांदा. बायको वैतागली. “अहो, कागदाला हात लावा आता. मनातल्या मनात काढत बसलात तर तोवर ताईंचे डोळे जातील.”

शब्द वर्मी लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन ताईकडे गेला, तिच्या खिडकीपाशी बसला आणि जेवढं दिसत होतं तेवढंच काढलं.

ताईनं कागद डोळ्यांपाशी धरला, तसूतसूनं सरकवत पाहिला. मग म्हणाली, “अरे, ह्या दोन वेण्या. आई अंबाडा घालायची.”

“मला अशीच दिसते.”

ताईनं कानावरचे पांढरे केस मागे सारले, त्याचं बोट धरलं आणि उजव्या कानामागे टेकवलं. चामखीळ तिथंच होती.

“दिवसभर माझ्या पाठुंगळीला असायचास, मेल्या. उतरवलं की भोकाड पसरायचास.”

त्याचा चेहराच उतरला. आई त्याच्याकडे कधी नव्हतीच. म्हणजे आता ती कुणाकडेच नव्हती. “ताई, मी तुला फसवलं गं,” म्हणताना त्याचा आवाज फुटला.

“गप. रडतोस काय म्हाताऱ्या,” म्हणून तीच डोळे पुसायला लागली.

त्यानं कागद उलटा केला. “समोर बघ,” म्हणाला आणि पेन्सिल थेट टेकवली.

ताई दचकलीच. “अरे, आधी मनात ठरवायचं ना तुझं?”

“साठ वर्षं तेच केलं,” तो म्हणाला. “हलू नकोस.”