विहिरीतलं सोळा घनमीटर पाणी

मिरजगावच्या स्टँडवर एसटीच्या टपावर भांडी चढली, तेव्हा बापू, तू काकूमागे तोंड फिरवून उभा होतास. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता आणि त्र्याहत्तरचा चैत्र तापला होता. आम्ही श्रीरामपूरला निघालो होतो. निघालो होतो ते माझ्या गणितावर, हे तुला ठाऊकच आहे. ते गणित चुकलं होतं, हे मात्र आज प्रथमच लिहिते आहे.

विहीर आमच्या आणि तुमच्या, म्हणजे काकांच्या, घरांत मिळून एकच. झरा बंद झालेला. दादा, म्हणजे माझे वडील, काठावरून वाकून म्हणाले होते, "अडीच महिनं निभंल. मिरगापतुर जातंय." मी नववीत. शाळेत नुकतंच घनफळ शिकवलेलं, आणि अंगात भलताच शहाणपणा. दोरी सोडून मोजलं: लांबी चार मीटर, रुंदी चार, पाणी एक मीटर. सोळा घनमीटर. त्याचे सोळाशे लिटर. माणसं, जनावरं धरून रोजचे दोनशे. "दादा, आठच दिवस पुरेल," मी ठणकावून सांगितलं.

काका हसले. दादा हसले नाहीत. "माजा आपला डोळ्याचा अंदाज. पोरीनं मीटरात मोजलंय," ते म्हणाले. चौथ्या दिवशी बैलजोडी विकली. काका म्हणाले, "आमी न्हाई हालत. तुमी गेल्यावर निम्मी तोंडं कमी हुतील." तुम्ही राहिलात.

श्रीरामपुरात दादा कापडाच्या दुकानात लागले. नांगर धरणारा माणूस मांजरपाट फाडू लागला. मृगानंतर तुझं पत्र आलं: पाऊस झाला, विहिरीत अजून गुडघाभर जुनं पाणी होतं. नव्या शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. मी मीटरात दहा डेसिमीटर धरून दहा दाही शंभर करून थांबले होते. लांबी-रुंदी घेतली, खोलीच्या दहाने गुणायचं राहिलं. म्हणजे आठ नाही, ऐंशी दिवस. दादांचा डोळा बरोबर होता.

सांगितलं नाही. कसं सांगणार? ते दुकानात येईल त्याला कौतुकाने ऐकवायचे, "पोरीच्या हिशोबानं आमी येळंवर निगालो." दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे लग्न होऊन मी पुण्याला आले. एकदा दादा राहायला आले होते. गच्चीवर सिमेंटची चौकोनी टाकी, काठोकाठ भरलेली. त्यांनी विचारलं, "किती मावतं गं हिच्यात?"

"हजार लिटर," मी बोलून गेले.

दुकानात कापड मापायचे तसा त्यांनी टाकीच्या कडेला हात लावला, नाकापासून बोटाच्या टोकापर्यंत. एक बाजू, दुसरी बाजू, मग उंची. "मीटर, मीटर, मीटर," ते पुटपुटले. त्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या हिरीत असल्या सोळा हुत्या."

मी रडायला लागले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "चल खाली. ऊन लई हाय."

त्यानंतर पोरीच्या हिशोबाची ती गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. आता दादा नाहीत. बापू, गाव म्हटलं की मला ना घर दिसतं, ना शेत. दादांनी आधी बरोबर मोजलेलं आणि माझ्यासाठी सोडून दिलेलं ते पाणी दिसतं.