राखाडीचे परत येणे

मुखवट्याला ओठ नसतात. परदेशी बालमालिका आपल्या भाषेत आणणाऱ्या मंडळींचा निम्मा संसार या एका सोयीवर चालत असे. जपानमध्ये तयार झालेली रंगीत पोशाखांच्या वीरांची मालिका विकत घ्यायची, मुखवटे चढल्यानंतरच्या मारामाऱ्या जशाच्या तशा ठेवायच्या, आणि मुखवटे उतरल्यावर जे चेहरे दिसतात ते तेवढे आपल्या नटांचे घालायचे, अशी त्या उद्योगाची रीत होती. मुखवट्याआडून कोणी काय बोलावे याला धरबंध नसे. मूळ वीर शत्रूला शाप देत असेल, तर रूपांतरातला वीर त्याच हातवाऱ्यांवर दात घासण्याचे महत्त्व सांगू शके, आणि एकदा त्याने ते सांगितलेही होते.

जिच्याविषयी लिहायचे आहे ती या उद्योगात संकलक होती. तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तिची खोली एका टायरच्या दुकानावर होती. खिडकी बुजवलेली, दाराला आतून जाड घोंगडी ठोकलेली, टेबलावर दोन पडदे. डाव्या पडद्यावर मूळ चाले, उजव्यावर तिने जुळवलेले. मागच्या खुर्चीत संवादलेखक बसे. आयुष्यात त्याने एकही कविता लिहिली नव्हती, म्हणून त्याला कविराज म्हणत. दोघे दिवसभर एकमेकांवर तोंडसुख घेत आणि संध्याकाळी एकाच रिक्षाने घरी जात.

ज्या मालिकेचा येथे विचार करायचा आहे तिच्यात पाच रक्षक होते. राखाडी पोशाखाचा त्यांतला थोरला. पिवळा सर्वांत धाकटा. मूळ मालिकेच्या अखेरच्या भागात पाताळाचे दार उघडते, आणि ते आतूनच बंद करता येते असे कळते. राखाडी आत जातो. तो पाठमोरा जात नाही. शेवटपर्यंत चौघे दिसत राहावेत म्हणून त्यांच्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत तो दारात शिरतो. वरून राख पडत असते. दार मिटते. उरलेले चौघे मुखवटे काढत नाहीत. संगीत नाही, वाक्य नाही, नुसता वारा. मग पिवळा वाकून थोरल्याचा तुटलेला कमरपट्टा उचलतो आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून उभा राहतो. तिथेच मालिका संपते. मुलांसाठी केलेल्या कलाकृतीने मुलांवर इतका विश्वास टाकावा, याचे आजही नवल वाटते.

वाहिनीने हा विश्वास टाकला नाही. वाहिनीच्या साहेबांचा निरोप आला की मुलांच्या वेळेत कोणी मरायचे नाही. राखाडीला परत आणा.

निरोप आला त्याच महिन्यात कात्रीचा मुलगा गेला होता. शाळकरी वयाचा, सायकलवेडा. डोके दुखते म्हणून रुग्णालयात नेला. मेंदूला सूज आहे असे निदान झाले आणि आठवडाभरात सारे आटोपले. धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. तिला घरचे सगळे ठिपकी म्हणत. रुग्णालयाची धावपळ सुरू होताच तिला मावशीकडे ठेवले होते. भाऊ गेल्यावर तिला काय सांगायचे हे ठरवायला मोठी माणसे स्वयंपाकघरात जमली आणि सर्वानुमते ठरले, की दादा उपचारांसाठी लांबच्या गावी गेला आहे, बरा झाला की येईल.

सुतक संपण्याच्या आधीच कात्री कामावर हजर झाली.

“तू कशाला आलीस गं?” कविराज उठून उभाच राहिला. “मी बोललो असतो ना साहेबांशी.”

“घरी बसून काय करू? छताकडे बघू?”

“शेवटचा भाग दुसऱ्या कोणाला देतो म्हणत होते ते.”

“दुसऱ्याला त्याचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं ते तरी कळेल का? आण इकडे.”

तिने मूळ अखेर पाहिली. पुन्हा पाहिली. मग दार मिटण्याच्या पुढे तिने राखाडीचे तेच दारात शिरणे उलटे चालवले. मागे मागे जाणारा माणूस आता पुढे पुढे येऊ लागला. दार उघडले, राखाडी बाहेर पडला आणि सरळ चौघांच्या दिशेने चालत आला. पाठमोरा गेला असता तर हे जमलेच नसते. मूळ दिग्दर्शकाने निरोपाची जी पद्धत इतक्या मायेने योजली होती, तिच्यामुळेच तो निरोप पुसता आला. रूपांतराच्या अभ्यासकाने या जागी थोडे थांबावे.

“कात्री,” कविराज हळू आवाजात म्हणाला, “राख वर चाललीय.”

“जाऊ दे.”

“अगं पण राख कधी वर...”

“कोणी राखेकडे बघणार नाही. त्याला वाक्य दे एक.”

कविराजाने वाक्य दिले: “मी म्हटलं होतं ना, येईन म्हणून!” मुखवट्याला ओठ नव्हते, वाक्य चपखल बसले. वाऱ्यावर संगीत चढले. पिवळा कमरपट्टा उचलतो ते दृश्य कापले गेले. साहेबांनी भाग पाहिला आणि खूश होऊन विचारले, “राख वर उडवायचं काय झकास केलंय! किती खर्च आला?”

“काही नाही आला, साहेब,” कात्री म्हणाली.

ठिपकीने तो भाग मावशीच्या घरी, मावसभावंडांत दाटीवाटीने बसून पाहिला. घरी परत आणल्यावर संध्याकाळी दाराला कडी लावू देईना. दादा आला तर? बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. तो दार लोटून घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसू लागला. शेवटी शेजारच्या मुलीने जिन्यात खेळताना सांगून टाकले, “तुझा दादा मेलाय. आई म्हणाली.” ठिपकी म्हणाली, “राखाडीपण मेला होता.” शेजारणीने हे कात्रीच्या कानावर घातले, तेव्हा कुठे तिने मुलीला मांडीवर घेऊन खरे काय ते सांगितले.

खरे, म्हणजे त्या वयाला झेपेल इतके. दादा गाढ झोपला आणि झोपेतच गेला, असे. पुढे मुलगी मोठी होत गेली, पुन्हा पुन्हा विचारू लागली, आणि आई दर खेपेस प्रेक्षकाचे वय पाहून नवी जुळणी करीत गेली. कधी त्याने मोसंब्याचा रस घेतला होता आणि पंख्याकडे बघत तो झोपला होता. कधी तो सायकलीविषयी बोलला होता. परीक्षेच्या वर्षी सायकल गळाली, कारण मुलगी रडत बसली असती. लग्न ठरले तेव्हा एक वाक्य आले: त्याने तुझे नाव घेतले होते. यात फसवण्याचा हेतू कधीच नव्हता. घोंगडी ठोकलेल्या खोलीत आयुष्य गेलेल्या बाईला हकीकत सांगण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती, इतकेच. बापाला विचारावे तर तो एकच सांगे: “मी खाली औषध आणायला गेलो होतो गं. तुझ्या आईला विचार.”

ठिपकी आता चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिची मुलगी पहिलीत गेली आणि आजीच्या घरातला फोटो पाहून विचारू लागली, की मामा कुठे गेला? ठिपकीने ठरवले होते की आपल्या मुलीला गोष्ट सांगायची नाही. जे झाले ते सांगायचे. मात्र काय झाले ते तिलाच नीट ठाऊक नव्हते. आईकडून ऐकलेल्या हकीकती एकमेकींशी जुळत नव्हत्या, हे तिच्या केव्हाच लक्षात आले होते.

एका रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन एकटीच आईकडे आली. जपानी मालिकेचा मूळ अखेरचा भाग तिने धुंडाळून मिळवला होता. जेवणाच्या टेबलावरची भांडी सरकवून तिने एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला रूपांतर लावले. कात्रीने चष्मा पुसला आणि सवयीने डाव्या बाजूकडे पाहिले.

“आई, हा मरतो.”

“हो.”

“तुला माहीत होतं.”

“मीच उलटा चालवलाय त्याला. मला नसेल माहीत तर कोणाला?”

“आणि मी येडी, दार उघडं ठेवायला लावत होते.” ठिपकी हसली, पण ते हसू टिकले नाही. “राख वर जाते हे मला तेव्हाच दिसलं होतं, माहितीये? मावशीला विचारलंही होतं मी. ती म्हणाली, गप बस, पुढचं बघू दे.”

“कविराजालाही दिसलं होतं.”

“मग ठेवलंस कशाला?”

“घाई होती.” परतणाऱ्या राखाडीकडे बघत ती म्हणाली, “आणि मला तो आलेला हवा होता.”

मूळ भाग संपला. पिवळा कमरपट्टा घेऊन उभा होता. ठिपकीने दोन्ही चित्रे थांबवली.

“याचं मूळ मला मिळालं, आई. जगाच्या दुसऱ्या टोकाला का होईना, पण होतं कुठेतरी. आता दादाचं दे. रस नको, पंखा नको. मी काही पहिलीतली नाही. जसं झालं तसं सांग.”

कात्री खुर्चीत सावरून बसली. तिला खरोखर सांगायचे होते. मुलीने मागितले आणि आपण चुकवले, असे त्या दुपारी झाले नाही.

“दुपारची वेळ होती. तुझे बाबा खाली गेले होते. तो पंख्याकडे...” ती थांबली. “नाही. पंखा नव्हता तिथे. बाबा म्हणतात, ती खोली वातानुकूलित होती.”

“मग?”

“रस दिला होता मी. चमच्याने.” ती पुन्हा थांबली. “तोंडात नळी होती ना त्याच्या. मग रस कसा देईन?”

ठिपकीने खुर्ची जवळ ओढली.

“सायकलीचं बोलला तो घरी. की गाडीत? गाडीत असेल.” तिने टेबलावरचे बोट एका रेषेत पुढे नेले, मागे आणले. “थांब हं. मी लावते नीट.”

“लावू नकोस, आई. आठव.”

ती आठवू लागली. तिला आठवली फरशी पुसणाऱ्या बाईची बादली, तिचे एक चाक कुरकुरत होते. तिच्या स्वतःच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि ती एक पाय उघडा ठेवून बसली होती. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा नातेवाइकांवर पेपर आणला नाही म्हणून चिडला होता. यातले काहीही तिने कोणाला कधी सांगितले नव्हते. कुठल्याच जुळणीत त्याची गरज पडली नव्हती, म्हणून ते जसेच्या तसे शिल्लक होते. मुलगा मात्र प्रत्येक वेळी वापरला गेला होता. त्याचा चेहरा, त्याचे हात, त्याचे शेवटचे बोलणे यांवर इतके थर चढले होते, की खालचे काय आणि वरचे काय ते तिला उकलेना.

“चपलेचा पट्टा तुटला होता माझा,” ती म्हणाली.

“आणि दादा?”

“होता ना. समोरच होता.”

“माझं नाव घेतलं होतं त्याने?”

आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांना वळसा घालून मुलगी इथे येणार, हे कात्रीला ठाऊक असावे. उत्तर तयार होते. लग्नाच्या वेळी तिने ते एकदा दिलेही होते, आणि मुलगी त्यावर इतकी वर्षे जगली होती.

“घेतलं असेल.”

“असेल नको. घेतलं का?”

“मला माहीत नाही गं.”

“मग लग्नात सांगितलंस ते?”

“ते सांगितलं होतं.”

“म्हणजे घातलंस तू.”

“घातलं, की होतं तेच ठेवलं, हेच कळेना झालंय.” तिने चष्मा काढला. “माझ्याकडे मूळ नाही, ठिपके. तुझ्या बाबांकडे नाही, कोणाकडेच नाही. एकच प्रत होती, आणि मी तिच्यावरच काम करत बसले.”

ठिपकीने लॅपटॉप मिटला. ती रागावलेली दिसत नव्हती. दुकानात एखाद्याची नजर तपासून झाल्यावर पुढे काही करण्यासारखे नाही असे कळते, तेव्हा ती जशी कागद आवरते तशी ती आवरत होती. दारात आईने तिचा दंड धरला.

“आत्ता खरं म्हणून सांगितलं असतं ना, तर तुझा विश्वास बसला असता.”

“बसला असता.”

“म्हणून नाही सांगितलं.”

“कळलं मला,” ठिपकी म्हणाली आणि जिना उतरली. त्यानंतर काही दिवस तिचा फोन आला नाही.

पुढच्या वेळी ती मुलीला घेऊन आली. कात्री स्वयंपाकघरात कप धूत होती. बाहेर नात फोटोसमोर उभी राहिली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला. ठिपकी तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

“मामा मेला. लहानपणीच. खूप आजारी होता.”

“तेव्हा तू होतीस?”

“नाही. आजी होती जवळ.”

“मग तो काय म्हणाला?”

“आजीला आठवत नाही.”

“मग कोणाला आठवतं?”

“कोणालाच नाही.”

नातीने थोडा विचार केला आणि खेळायला जाऊ का, असे विचारले. कात्रीने हे सगळे ऐकले. मुलाच्या मरणाची, तिचा हात न लागलेली, ही पहिलीच हकीकत होती. आणि तिच्यात तो जवळजवळ नव्हताच.