पाचव्या खुर्चीवर मिरान

दक्षिण कोरियातल्या आमच्या देगू शहराच्या बाजारात मिरानचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. किमची, परतलेले सुके मासे, मुरवलेला मुळा, सगळं स्वतःच्या हातचं. नवरा उल्सानला जहाजाच्या कारखान्यात. सुट्टीला येतो आणि झोपतो. मुलगा उन्चान पंधरा वर्षांचा. तो सध्या शाळेत जात नाही, जेवायलाही खोलीबाहेर येत नाही.

इकडच्या आया करतात तेच मिरानने केलं होतं. परीक्षा तोंडावर आणि पोरगा संगणकापुढे. "बंद कर" म्हटलं की "आई, एवढा डाव संपू दे" हे ठरलेलं उत्तर. एका संध्याकाळी ती उठली आणि तिने घराचा मेन स्विचच पाडला.

तो खेळ पाच-पाच जणांच्या संघांचा. मधेच एक गळाला की उरलेले चौघे बुडतात. मोठ्या कष्टाने चढवलेली त्यांची क्रमवारी घसरली आणि चौघांनी उन्चानशी बोलणं टाकलं. शाळेत त्याचं जेवणखाण, येणंजाणं त्यांच्याबरोबरच होतं. दुसरं कोणीच नव्हतं त्याला.

"नुसता खेळ तर होता, बाई!" मिरान रडत म्हणाली. मी शाळेतून निवृत्त झाले तरी बाजार मला अजून बाईच म्हणतो.

"तुझ्या लेखी खेळ. भर सामन्यातून गोलकीपर उचलून आणलास तू! कोणाबरोबर खेळतो, विचारलंस कधी?"

"मला वाटायचं, संगणकाबरोबरच खेळतो."



आमच्या गल्लीतल्या पीसी-बांगमध्ये ती चौघं शाळा सुटल्यावर भाड्याच्या संगणकांवर खेळत बसतात. मिरान किम्बापचे, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचे, डबे घेऊन तिथे गेली. त्यांचा म्होरक्या सोक्जू ओशाळला.

"काकू, रागावलो होतो तेव्हा. आता मेसेज करतोय, तर तो बघतच नाही. पाचवा मिळेना आम्हाला."

"मग मला घ्या."

"तुम्हाला?"

"शिकवा आणि घ्या."

पोरं खिदळली. "काकू, माऊस उलटा धरलाय!" तिला घेतलं आणि पोरं धडाधड हरली. शेवटी सोक्जूने तिचा फोटो उन्चानला पाठवला: तुझी आई आमची वाट लावतेय, घेऊन जा.

उन्चान आला. पायात घरातल्या सपाता, केस मानेवर. कोणाकडे बघितलं नाही.

"ऊठ."

"बस ना, तुझीच जागा आहे."

"ऊठ म्हणतो ना, आई! लाज आणलीस. परत इथे पाऊल टाकू नकोस."

पुढे तो, मागे ती, असे घरी आले. आत जाऊन त्याने कडी लावली.

दुसऱ्या दिवशी हे सांगताना तिचे हात मुळ्याच्या बरणीत तसेच होते. "किती वाळलाय हो, बाई. मनगटं नुसती काड्या."

"आता काय करणार?"

"परत जाणार तिथे."

"चिडेल तो."

"चिडू दे. चिडायला तरी बाहेर येईल."

"आणि नाही आला तर?"

तिने बरणीचं झाकण लावलं. हात धुतले, भर गिऱ्हाइकीच्या वेळी शटर ओढलं. मला राहवेना, मीही गेले. पाचव्या खुर्चीवर ती बसली, माऊस एकदाचा सरळ धरून.

"काकू, मेलात तुम्ही! इकडे बघा, समोर!" सोक्जू ओरडत होता.

ती दाराकडे बघत होती.