ताईंचा तिसरा मुद्दा

ताई बातमीदारांचे खटले लढवत. कोर्टात बसल्या की बूट टेबलाखाली काढून ठेवत. पुकारा झाला की एका पायाने दुसरा बूट चाचपडत. चहा दोनदा गरम करत आणि शेवटी ओतून देत. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचत. पहिल्या पानावर आपलंच कुणीतरी अडकलेलं असतं, म्हणत. बातमीदार घरी आला की त्याचा आणि स्वतःचा मोबाइल पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावत. आणि माहिती देणाऱ्याचं नाव त्याच्या ओठावर आलं, की उठून नळ सोडत.

"नाव नको. मला माहीतच नसलं, तर माझ्याकडून कुणी काय काढून घेणार?"

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. संध्याकाळी चहाला जायचे. त्यांच्या नवऱ्याला सगळे भाऊ म्हणायचे. ताई आणि भाऊ असं जोडपं, यावर प्रत्येक नवा माणूस एकदा हसायचा. भाऊ म्हणायचे, चाळीस वर्षं ऐकतोय, आता नवा विनोद आणा.

शेवटचा खटला लांबू नावाच्या बातमीदाराचा. सार्वजनिक दवाखान्यात मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबलं चिकटवली जातात, ही बातमी त्याने दिली. आतल्या कुणीतरी त्याला ती औषधं दाखवली होती. पोलिसांनी त्याचा फोन नेला. तो कोर्टात सीलबंद पडला होता, आणि उघडायची परवानगी पोलीस मागत होते. उघडला असता तर आतल्या माणसाची नोकरी गेली असती. कदाचित तुरुंगही. ताई विरोधात उभ्या होत्या.

सुनावणीच्या आदल्या दुपारी लांबू आला. बसला नाही. बायकोच्या ऑफिसात पोलीस पुन्हा येऊन गेले होते. तिचे साहेब आता तिच्याशी बोलत नव्हते. उघडू दे फोन, म्हणाला, माझ्याने होत नाही.

ताईंच्या डोळ्यांखाली सूज होती.

"मीही दमलेय रे," त्या म्हणाल्या. "पण आपण दोघं दमलो, म्हणून तिसऱ्याला विकायचं?"

"एकदा नाव तर ऐका, ताई. मग तुम्हीच..."

ताईंनी नळ सोडला. लांबू त्या आवाजात ओठ हलवत उभा राहिला, मग थांबला.

"पाणी जातंय," आतून भाऊ ओरडले.

लांबूला हसू आलं. हसता हसता तो खुर्चीत बसला. जाताना म्हणाला, उद्या येतो कोर्टात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दोन मुद्दे मांडले. माहिती देणाऱ्याला अभय नसेल तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही, हा पहिला. फोनमध्ये एक बातमी नसते, माणसाचं अख्खं घर असतं, हा दुसरा. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून ऐकलं. तेवढ्यात वेळ संपली.

"तिसरा मुद्दा उद्या," ताई म्हणाल्या. जिन्यात मी विचारलं, तो कोणता? त्यांनी कठडा धरला. आज बोलायला बळ नाही गं, म्हणाल्या.

सकाळी कोटाच्या एका बाहीत हात घातला, आणि खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. मी धावत आले तेव्हा भाऊ दुसरी बाही धरून उभे होते. अजून धरायची आहे, असं वाटत असावं त्यांना.

पुढे घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं. एक बाई दाराशीच थांबल्या. मी पाणी दिलं. त्या हळूच म्हणाल्या, "फोनच्या खटल्याचं आता कोण बघणार? मी त्याच दवाखान्यात..."

मी हात वर केला. नळ लांब होता.

"नाव नको," मी म्हटलं. ताईंच्या ज्युनिअर बघणार आहेत, तारीख वाढवून मिळालीय, एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पाणी पिऊन निघून गेल्या.

ज्युनिअर वकीलबाई ताईंची फाइल घेऊन बसल्या होत्या. तिसरा मुद्दा त्यात नव्हता. बोलायचं ते ताई लिहून ठेवत नसत. आदल्या रात्री भाऊंना म्हणून दाखवत, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आम्ही त्यांच्याकडे गेलो.

भाऊंनी पहिले दोन मुद्दे जसेच्या तसे सांगितले. ताईंसारखेच, मध्ये थांबत.

"तिसरा सुरू केला तिने," ते म्हणाले. "तेवढ्यात माझा डोळा लागला."